उपाशी वाकळ

मी नर्स आहे. थर्मामीटर दाखवतो तो ताप आणि काटा दाखवतो ते वजन, यापलीकडं मी कुणाचं ऐकत नाही. दवाखान्यात येणाऱ्या बाया आधी अंगारे-धुपारे, गंडे-दोरे सगळं करून बसायच्या आणि लेकरू गळून गेलं की माझ्याकडं आणायच्या. मी त्यांना मनसोक्त शिव्या घालायची आणि मग सलाईन लावायची. आमची आया धुरपतामावशी म्हणायची, "बाई, तुमच्या तोंडाला औषध न्हाई." खरंच होतं ते. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं ऐकताना मला कुणी भोळीभाबडी समजायला नको.

शहाऐंशी साल होतं. लातूर जिल्हा होऊन साडेतीन वर्षं झाली होती. चाकूरच्या पुढं जिथं डांबर संपून फुफाटा लागतो, तिथं आमचा दवाखाना. पाटीवर 'जिल्हा लातूर' असं नवं रंगवलं होतं, पण रंग इतका पातळ मारलेला की दुपारच्या उन्हात खालचं 'उस्मानाबाद' सरळ वाचता यायचं. नवा जिल्हा म्हणून लेकरांच्या खोलीला आठ खाटा आल्या. पांघरुणं आली तीन. बाकीच्यांची मागणी जुन्या जिल्ह्याच्या कागदांत राहिली म्हणे. मी चार पत्रं लिहिली. पाचवं लिहायला घेतलं आणि टराटरा फाडून टाकलं.

पाऊस सलग दुसऱ्या साली दगा देऊन गेला होता. टँकर दोन दिवसांआड यायचा, तोही गढूळ पाणी घेऊन. चालतीफिरती सगळी माणसं पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला, आणि मागं राहिलेली लेकरं ते पाणी पिऊन हगवणीनं आजारी. आठ खाटांवर बारा-बारा लेकरं असायची. त्यात दुष्काळात तेरावा महिना म्हणावा तशी थंडी पडली. भिंतीचा दगड दुपारी बारालासुद्धा हाताला गार लागायचा. मी लेकरांच्या अंगावर पोती टाकलेली आहेत. लाज वाटायची, पण टाकली.

मग मी वाकळ शिवायला घेतली. तुम्ही गोधडी म्हणाल, आमच्याकडं वाकळ. माझी माय नागुबाई नायगावात नावाजलेली होती या कामात. ती जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तिची तीन लुगडी माझ्या ट्रंकेत नुसती पडून होती. ती आत घातली, म्हणजे पोट झालं. वरून ठिगळं लावायची ती पेशंटांची. बरं होऊन घरी जाताना लोकांना काहीतरी द्यावंसं वाटायचं आणि द्यायला तर काहीच नसायचं. मी सांगायची, एक फडकं द्या. कुणी पदराचा तुकडा द्यायचं, कुणी धोतराचं टोक. ग्यानोबा नावाच्या एका म्हाताऱ्यानं डोक्याचा लाल पटकाच सोडून दिला होता. मी ओरडले त्याच्यावर, आणि वीतभर कापून घेऊन बाकीचा परत बांधायला लावला.

दुपारी दोन ते चार मी व्हरांड्यात बसून धावदोरा घालायची. सकाळी एखादं लेकरू हातचं गेलेलं असायचं. त्याची माय अजून भिंतीला टेकून बसलेली दिसायची. आणि सुई कापडात शिरली की माझ्या डोक्यातली कलकल बंद व्हायची, छातीत काहीतरी हलकं व्हायचं. हा ग्यानोबा चालत गेला, ही बाळंतीण पोरगं घेऊन गेली, असं एकेका ठिगळावरून बोट फिरवायची. तेव्हा मला आनंद म्हणून एवढाच होता. मी तो कुणाला सांगितला नाही, माणसं मरत असताना नर्सनं आनंदात असणं बरं दिसत नाही.

शेवटचा कोपरा शिवायच्या आधी वाकळेच्या आत भाकरीचा घास ठेवायचा, अशी आमच्याकडच्या बायांची रीत. उपाशी वाकळ अंगावर घेऊ नये म्हणतात. माझ्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली, घरातले देव गोदावरीत सोडले आणि असल्या रितींना दाराबाहेर काढलं. माय मात्र बापाची पाठ वळली की हळूच घास सारायची. "ही धर्माची गोष्ट न्हाई, पोटाची हाय," म्हणायची. मी बापाची लेक. तरी त्या दिवशी कोपऱ्याशी आले आणि मायची फार आठवण आली. म्हटलं ठेवावा घास, कुणाचं काय जातंय.

डब्यात अर्धीच भाकरी होती. मोडायला गेले तर दारातून चांगुणा बघत होती. सहा वर्षांची पोर, खाटेवरून उठून भिंतीला धरत आलेली, अंगात एकशे तीन ताप. तिची माय पारूबाई खडीच्या कामावर गेली होती. बाप ऊसतोडीला गेला तो दिवाळीपासून आलाच नव्हता. पोरीची नजर भाकरीवरून हलेना.

मी सगळी भाकरी तिला दिली. तिनं ती उभ्याउभ्या खाल्ली, हाताला चिकटलेलं पीठसुद्धा चाटलं. मी कोपरा तसाच शिवून टाकला आणि वाकळ पहिल्यांदा तिच्याच अंगावर घातली.

तासाभरानं ताप बघितला तर नव्याण्णव.

दुसऱ्या दिवशी तीन खाटा जोडून वाकळ आडवी टाकली, तिच्याखाली पाच लेकरं मावली. संध्याकाळपर्यंत पाचांचेही ताप उतरलेले. आमचे रेवणसिद्ध डॉक्टर तीन दवाखाने सांभाळायचे, आठवड्यातून दोनदा फटफटीवर येऊन जायचे. त्यांना तक्ता दाखवला तर हसले. "ऊब मिळाली, घाम आला, ताप उतरला. सिस्टर, आता तुमच्या वाकळेचाच डोस लिहून देतो." मीही हसले. त्या आठवड्यात एकही लेकरू दगावलं नाही. बाया माझ्या पाया पडत होत्या, मी त्यांना हाकलत होते आणि आतून अशी काही भरून आले होते की शेगडीवर चहा ठेवताना गाणं म्हणत होते. धुरपतामावशीनं थांबून बघितलं माझ्याकडं.

दुपारी पंचायतीतून सुकडी यायची. डबा वाजला की लेकरं ताटल्या घेऊन उठायची, ही रोजची गोष्ट. त्या सोमवारी डबा वाजला आणि वाकळेखालची पाचही जणं तशीच पडून राहिली. डोळे उघडे, चेहरे शांत. मी सुकडी तोंडाशी नेली. चांगुणानं एक चिमूट घेतली, जिभेवर धरली आणि तशीच ठेवली.

तापातून उठलेलं लेकरू खा-खा करतं. बारा वर्षं नोकरी झाली होती माझी, याला अपवाद बघितला नव्हता. मी पारूबाईला म्हटलं, "पोरगी खात नाही तुझी."

"हाव," ती म्हणाली. "मागतच न्हाई आता." तिनं चांगुणाच्या वाटची सुकडी पदरात बांधली. "लई उपकार झाले, शिस्टरबाई."

तिच्या आवाजात काळजी नव्हती. मी तेव्हा ते कामाच्या गर्दीत सोडून दिलं.

पुढं बाया धडधाकट लेकरं घेऊन यायला लागल्या. एकीला मी विचारलं, "ताप नाही, हगवण नाही, कशाला आणलंस याला?"

"काई झालं न्हाई बाई. जरा घटकाभर वाकळंखाली निजू द्या. सकाळधरनं भाकर-भाकर करून राहिलंय."

भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा म्हणतात. इथं कोंडासुद्धा नव्हता. मी "हं" म्हटलं आणि ते पोरगं इतरांच्या शेजारी झोपवलं. अर्ध्या तासानं त्याचं रडणं थांबलं.

खोली इतकी शांत झाली की टँकर लांब असतानाच मला ऐकू यायचा. लेकरांच्या खोलीत कुणी रडत नाही, कुणी काही मागत नाही. धुरपतामावशी दारातूनच झाडू मारून जायला लागली. आणि वाकळ उन्हात टाकायला म्हणून उचलली तर एका हातानं उचलेना. म्हटलं दमट झाली असेल. दोन दिवस कडक उन्हात वाळवली, तरी तशीच.

दर सोमवारी मी लेकरांची वजनं करायची. छताच्या कडीला काटा अडकवून खाली कापडाची झोळी. मधला एक सोमवार टँकरच्या भांडणात तसाच गेला होता, त्यामुळं पंधरा दिवसांनी काटा काढला. पहिल्या दिवसापासूनची पाच लेकरं होती. चौघं अर्धा-अर्धा किलोनं उतरलेली. चांगुणा एका किलोनं. तेरावरून बारा. एकूण घट तीन किलो.

मग मी दार लावून घेतलं आणि झोळीत वाकळ ठेवली.

शिवून झाली त्या दिवशी हौसेनं तिचं वजन केलं होतं मी, तीन किलो. आता काटा सहावर थांबला. मी काटा उतरवला, सुई शून्यावर आणली, परत लावला. सहा.

हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही. काय सांगणार होते? वाकळ घडी करून कपड्यांच्या कपाटात कोंबली, कुलूप लावलं आणि किल्ली धुरपतामावशीच्या जुडग्यात दिली. संध्याकाळपर्यंत चौघं लेकरं भुकेनं रडायला लागली आणि त्यांच्या माया माझ्या अंगावर आल्या. मी कुणाला दाद दिली नाही.

चांगुणा मात्र रडली नाही. तिला भूक परत आलीच नाही. पेज पाजली तर ओठांच्या कोपऱ्यातून गळायची. सलाईनवर किती दिवस ढकलणार? गुरुवारी तिला परत झोळीत घातलं, अकरा किलो. ती झोळीतून माझ्याकडं बघून समजूतदार म्हातारीसारखी हसली. डॉक्टर म्हणाले, "लातूरला हलवा." पण जीप डिझेलअभावी उभी होती. आठ दिवसांत तिनं खायला सुरुवात केली नाही तर ती जाणार, हे मला चौथ्या इयत्तेतल्या गणितासारखं दिसत होतं. आणि त्या दुपारी तिला मी कुणाच्या वाटची भाकरी दिली होती, हा विचार मी नर्स असूनही माझ्या डोक्यातून जात नव्हता.

शुक्रवारी मी माझ्या पिठातली एक भाकरी थापली.

दुपारचे बारा वाजले होते. कपाटाची खोली व्हरांड्याच्या टोकाला, तिला एकच खिडकी. बाहेर ऊन रणरणत होतं. मी वाकळ जमिनीवर ठेवली, शेवटचा कोपरा शोधला आणि कात्रीच्या टोकानं सहा टाके उसवले.

भाकरीचा घास मोडला. दोन बोटांत धरून आत सारला.

आत मायच्या लुगड्याचं कोरडं सुती कापड लागायला हवं होतं. बोटं ओलसर उबेत गेली. टाळू बघायला म्हणून शेकडो लेकरांच्या तोंडात मी बोट घातलंय. तसंच लागलं ते.

बोटं बाहेर काढली तेव्हा घास हातात नव्हता. मी तो सोडला नव्हता.

मी आणखी एक घास दिला. मग आणखी. सबंध भाकरी गेली. कोपरा शिवताना टाके वाकडेतिकडे पडले.

तेवढ्यात लेकरांच्या खोलीतून आवाज आला. बारीक, चिरका, रागावलेला.

"माय, भूक लागली. माय!"

मी पळत गेले. चांगुणा उठून बसली होती आणि खाटेच्या दांडीवर मुठी आपटत होती. मी तिला पेज पाजली, वाटीभर. तिनं वाटी माझ्या हातातून ओढून घेतली. मी तिथंच जमिनीवर बसले आणि हमसून रडले. आयुष्यात इतकी सुखी मी त्याआधी झाले नव्हते, त्यानंतरही नाही. मेलेल्या मायला हात जोडले, बुद्धाला जोडले, भाकरीला जोडले.

संध्याकाळी पारूबाई कामावरून आली. मी तिला दारातच सांगितलं, "पोरगी जेवली तुझी. दोन वाट्या पेज! अजून मागतीय."

पारूबाई उभी राहिली. आतून चांगुणाची हाक ऐकू येत होती, माय, भाकर, माय. पारूबाईचा चेहरा उतरत गेला. ती हळूहळू खाली बसली आणि तिनं कानांवर हात ठेवले.

"ऐकतीयेस का? वाचली ती."

"घरी नेऊन काय घालू हिला?" ती म्हणाली. "आता घरात दाणा न्हाई, बाई. गेल्या साली माझं धाकटं असंच भाकर मागत मागत गेलं. आठ दिस मागत होतं. ते ऐकलंय म्या. परत न्हाई ऐकायचं मला." तिनं माझे पाय धरले. "तेवढी वाकळ द्या. म्या कुणाला सांगत न्हाई."

"पारूबाई, त्या वाकळेखाली ती मरंल!"

"अशीबी मरंल, तशीबी मरंल. तिकडं निदान हसत तरी होती."

मी तिला नको-नको ते बोलले. माय आहेस का कोण आहेस, असंसुद्धा म्हणाले. ती शेवटी म्हणाली, "तुमचं खरं हाय, बाई. तुमच्या पोटाला सरकारी पगार हाय."

तीन दिवसांत चांगुणा बारा किलो भरली. मी तिला घरी सोडलं, माझ्या शिध्यातली पायलीभर ज्वारी बरोबर दिली, आणि महिन्याला तेवढी देईन असं पारूबाईला कबूल केलं. ती मान हलवून गेली. त्या दोघी फुफाट्यातून चालत गेल्या तेव्हा पोरगी मायचा पदर ओढत होती, मूठभर ज्वारी तोंडात टाकून कच्चीच चावत होती. बघून बरं वाटलं मला.

वाकळ जाळायची असं ठरवून मी कपाट उघडलं. कुलूप शाबूत होतं. वाकळ होती, पण हातात घेतली तर तिचा मधला शिवलेला भाग तेवढा उरला होता. चारी बाजूंनी वीत-वीत तुकडे कापून नेलेले. मी शिवलेला कोपराही गेला होता.

धुरपतामावशी दारात उभी होती. तिनं नजर चुकवली नाही. "बाया आल्या होत्या. म्याच दिलं कापून," ती म्हणाली. "एक माझ्या नातवाला बी ठेवलंय." तिनं किल्ल्यांचा जुडगा जमिनीवर ठेवला आणि पाणी भरायला निघून गेली. उरलेली वाकळ मी दवाखान्यामागं जाळली. धूर झाला नाही.

आठ दिवसांनी लसीकरणाची फेरी होती. पारूबाईची वस्ती माझ्याच यादीत होती, मी ज्वारीची पिशवीही घेतली. वस्तीत बारा घरं. मी पोचले ती जेवणाची वेळ, चुली पेटलेल्या. उंबऱ्याउंबऱ्यात लेकरं बसली होती आणि एकही रडत नव्हतं. प्रत्येकाच्या झबल्यावर, फ्रॉकवर, पोटाशी वीतभर ठिगळ. ग्यानोबाच्या पटक्याचा लाल रंग मी लांबूनच ओळखला.

चांगुणा चुलीपाशी बसली होती. तिच्या फ्रॉकवर माझ्या मायच्या लुगड्याचा हिरवा काठ. मनगटं काडीसारखी झालेली, आणि ठिगळाखालचं पोट मात्र गोल, तट्ट.

पारूबाईनं वाकून माझ्या पायांना हात लावला. तिचे गाल आत गेलेले. "सुखी हाय बघा लेक माझी," ती म्हणाली. मग आवाज बारीक करून, "शिस्टरबाई, कपाटात उरली असंल तर माझ्यापुरतं बी..."

मी पिशवीतून कात्री काढली, चांगुणासमोर गुडघे टेकले आणि ठिगळाची कड चिमटीत धरली.

तिनं माझं मनगट दोन्ही हातांनी धरलं. जोर असा नव्हताच, नुसती बोटं टेकवली. आणि दुसऱ्याची झोपमोड होऊ नये म्हणून आपण बोलतो तशा आवाजात म्हणाली, "हळू, शिस्टर. ते आत्ताच जेवून निजलंय."